कोअ‍ॅक्स केबलची साधी अँटेना : ०.६६ ने गुणायचे की नाही?

गच्चीवरून_पुणे

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा परवाना हाती आला असून पाच वॅटचा एक हँडसेट घेतला आहे. त्याच्यासोबत आलेली बोटभर रबरी अँटेना आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून फारसा उजेड पाडत नाही, म्हणून दोन मीटर बँडसाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी, सोसायटीच्या गच्चीवर एक उभी अँटेना लावायचा विचार आहे. घरात आरजी-५८ जातीच्या कोअ‍ॅक्स केबलचे (मधली तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांत वर काळे आवरण) वेटोळे पडून आहे, त्यामुळे केवळ केबलपासूनच होणारी रचना निवडली आहे. केबलच्या टोकाकडचे वरचे आवरण आणि जाळी काढून मधली तार उघडी करायची, ती झाली डायपोलची, म्हणजे दोन भुजांच्या अँटेनेची, वरची भुजा. त्याखाली तेवढ्याच लांबीची केबल अखंड ठेवायची, ती झाली खालची भुजा. मग २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर त्याच केबलचे नऊ वेढे द्यायचे आणि उरलेली केबल खाली घरात आणायची. डाख देण्याचे काम कुठेही नाही.

घोडे अडले आहे ते लांबीपाशी. माझ्याकडे असलेल्या एका आराखड्यात प्रत्येक भुजा ३४ सेंटीमीटरची दाखवली आहे, कारण केबलचा वेलॉसिटी फॅक्टर (तिच्यातल्या तरंगाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) ०.६६ आहे असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या आराखड्यात वरची भुजा ४५.७ आणि खालची ४४.५ सेंटीमीटर आहे, आणि ०.६६ चा उल्लेखही नाही. दोन्हींमध्ये वारंवारता १४५ मेगाहर्ट्झच आहे. जाणकारांनी कारणासहित सांगावे, ही विनंती.

तारायंत्र

दुसरा आराखडा बरोबर आहे. १४५ मेगाहर्ट्झला पूर्ण तरंगलांबी २.०७ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी ५१.७ सेंटीमीटर येते. टोकांच्या परिणामामुळे ती साधारण पाच टक्क्यांनी कमी करावी लागते आणि ४९ सेंटीमीटर उरतात. मधल्या तारेवर पॉलिथिनचे जाड आवरण तसेच राहत असल्यामुळे आणखी दोन-तीन सेंटीमीटर घटतात. सुरुवातीला ४८ ठेवा आणि मोजत मोजत छाटा, कारण छाटलेली तार पुन्हा जोडता येत नाही.

दशमान

वरील उत्तराशी मी सहमत नाही. आरजी-५८ मध्ये तरंग प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के वेगाने जातो, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. अँटेना त्याच केबलची बनलेली असेल तर तोच आकडा तिलाही लागू व्हायला हवा. एकाच केबलला अर्ध्या भागात एक नियम आणि अर्ध्या भागात दुसरा, असे कसे चालेल?

विद्युल्लता_सांगली

दशमान, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझे विद्यार्थीही दरवर्षी हाच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

०.६६ हा आकडा तांब्याचा नसून मधल्या तारेभोवतीच्या भरीव पॉलिथिनचा आहे. ज्या वेळी विद्युतक्षेत्र मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये कोंडलेले असते, त्या वेळी ते संपूर्णपणे पॉलिथिनमधूनच प्रवास करते आणि म्हणून मंदावते. आता या अँटेनेत काय घडते ते पाहा. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या आत शिरत नाही, पृष्ठभागालगतच वाहतो. १४५ मेगाहर्ट्झला तांब्यात ही खोली जेमतेम साडेपाच मायक्रॉन असते. त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे विजेच्या दृष्टीने दोन स्वतंत्र वाहक ठरतात, आणि एका केबलमध्ये एकूण तीन वाहक असतात: मधली तार, जाळीचे आतले अंग आणि जाळीचे बाहेरचे अंग.

सेटकडून आलेला प्रवाह मधल्या तारेतून वर जातो आणि तेवढाच उलटा प्रवाह जाळीच्या आतल्या अंगावरून वाहतो. जाळी जिथे कापली आहे तिथे मधली तार सरळ वर निघून जाते, पण आतल्या अंगावरच्या प्रवाहाला कापलेल्या काठावरून वळून बाहेरच्या अंगावर येण्यावाचून गत्यंतर नसते. तिथून तो खाली वाहू लागतो, आणि हेच बाहेरचे अंग म्हणजे आपली खालची भुजा होय. तिच्या भोवती पॉलिथिन नाही, काळ्या पीव्हीसी आवरणाचा पातळ थर आणि त्यापलीकडे हवाच आहे. म्हणून तिला ०.६६ लागत नाही, ०.९५ च्या आसपासचा आकडा लागतो. वरच्या भुजेलाही तेच, कारण जाळी काढल्यावर क्षेत्र मोकळ्या हवेत पसरलेले असते आणि पॉलिथिनचा त्यातला वाटा थोडाच उरतो.

३४ सेंटीमीटरच्या भुजा करून पाहिल्यास ती अँटेना १९० ते २०० मेगाहर्ट्झच्या आसपास कुठेतरी जुळेल. तिथे आपल्याला कोणी भेटणार नाही.

बाल्कनी_डोंबिवली

विद्युल्लताताई, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

दशमान

जाळीच्या दोन अंगांचा मुद्दा पटला. पण मग उभ्या कोलिनिअर अँटेनेत केबलचे तुकडे ०.६६ ने गुणून का कापतात? १४५ मेगाहर्ट्झसाठी तिथे प्रत्येक तुकडा ६८ सेंटीमीटरचा सांगतात आणि तीही अँटेना प्रक्षेपणच करते.

तारायंत्र

कारण तिथे तरंगाला तुकड्याच्या आतूनही जावे लागते. कोलिनिअरमध्ये अर्ध्या तरंगलांबीचे तुकडे एकमेकांना उलटसुलट जोडतात, एकाची मधली तार दुसऱ्याच्या जाळीला आणि याची जाळी त्याच्या मधल्या तारेला. आतून जाणारा तरंग प्रत्येक सांध्यापाशी अर्धे आवर्तन पूर्ण करून पोहोचला पाहिजे, म्हणजे उलट्या जोडणीमुळे सगळ्या तुकड्यांची बाहेरची अंगे एकाच दिशेने धडधडतात. वेळ साधायची आहे ती आतली, म्हणून गुणक आतला. नवख्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये. इतके सांधे पावसात टिकवणे सोपे नाही आणि एखादा बिघडला की नेमका कोणता, ते सापडता सापडत नाही.

सोलापूरकर_काका

हा धागा दोन मीटरचा आहे हे मान्य, पण याच ०.६६ ची खरी मजा चाळीस मीटर बँडच्या डबल बझूकात, म्हणजे केबलपासूनच केलेल्या एका आडव्या डायपोलमध्ये, आहे, म्हणून लिहितो. त्यात दोन्ही आकडे एकाच अँटेनेत नांदतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी आरजी-५८ चा १३.९४ मीटरचा तुकडा घ्यायचा. हा १५० भागिले ७.१ गुणिले ०.६६ असा हिशेब आहे. मध्यभागी फक्त जाळी कापायची, मधली तार अखंड ठेवायची. दोन्ही टोकांना मधली तार आणि जाळी एकमेकांना डाख देऊन जोडायची. खालून येणाऱ्या केबलची मधली तार कापलेल्या जाळीच्या एका काठाला आणि तिची जाळी दुसऱ्या काठाला लावायची. मग दोन्ही टोकांना सुमारे २.९ मीटर साधी तार जोडून एकूण लांबी १९.७५ मीटरच्या जवळ आणायची. आतल्या भागासाठी ०.६६ आणि बाहेरच्या एकूण लांबीसाठी हवेचा हिशेब.

आमच्या वाड्यावर ही बांधलेली आहे. शेजारच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी तिच्यावर दोन सतरंज्या वाळत घातल्या, आणि केबल असल्यामुळे ती तुटली नाही. साधी तार असती तर तिचे काही खरे नव्हते.

विद्युल्लता_सांगली

काका, सतरंजीचा निकष मान्य. पण डबल बझूकाची जी ख्याती आहे, की ती साध्या डायपोलपेक्षा पुष्कळ रुंद पट्टा झाकते, ती मात्र फुगवलेली आहे. अँटेनांवर लिहिणारे अमेरिकी हॅम वॉल्टर मॅक्सवेल यांनी या रचनेचे गणित मांडून दाखवले होते की आतल्या पाव तरंगलांबीच्या तुकड्यांमुळे होणारी भरपाई नाममात्र आहे. जी रुंदी दिसते तिच्यात जाडसर वाहकाचा आणि केबलमधल्या क्षयाचाही हात असतो. आणि आपल्याकडे चाळीस मीटरचा पट्टा मुळात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्या २०० किलोहर्ट्झसाठी मध्यभागी नीट जुळवलेला साधा तारेचा डायपोल बहुधा पुरतो. १४३ भागिले ७.१, म्हणजे सुमारे २०.१ मीटर तार, मध्यभागी कापलेली. खर्च आणि वजन दोन्ही कमी.

सोलापूरकर_काका

ताई, गणितापुढे मी हात टेकतो. सतरंज्यांपुढे मात्र नाही.

कोकणकडा

लांबीचा प्रश्न सुटला असेल तर पाण्याकडे वळू या, कारण आमच्या रत्नागिरीकडे अँटेना चुकीच्या लांबीने मरत नाही, पहिल्या पावसाने मरते. गच्चीवरून_पुणे, तुमच्या रचनेत सर्वांत नाजूक जागा म्हणजे जाळी जिथे संपते तो काठ. तिथे बाहेरचे आवरण उघडे असते आणि वातीने तेल ओढावे तशी ती जाळी पाणी ओढून घेते. पाणी काळ्या आवरणाच्या आतून मीटर-मीटर खाली उतरते, तांबे हिरवट-काळे पडते आणि मग ती केबल कापून टाकण्यापलीकडे इलाज राहत नाही.

उपाय असा. काठापाशी जाळीचे मोकळे केस नीट छाटा, एकही मधल्या तारेच्या बाजूला वळता कामा नये. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा आणि वरून साधी काळी विजेची पट्टी द्या, कारण रबरी पट्टी उन्हाने खराब होते. मधल्या तारेचे वरचे टोकही असेच बंद करा, ते विसरले जाते. मग सगळे पीव्हीसी पाइपच्या आत सरकवून वरच्या तोंडाला टोपण पीव्हीसीच्या गोंदाने चिकटवा. खालचे तोंड मात्र पूर्ण बंद करू नका. आत दमट हवेचे पाणी होते, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

आणखी एक. काचेच्या मत्स्यालयासाठी मिळणारे, उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या तांब्यावर कधीही लावू नये. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते आणि तांबे खाते. वास न येणारे घ्यावे.

बाल्कनी_डोंबिवली

माझ्याकडे केबलवाल्याने सोडून दिलेली टीव्हीची आरजी-६ भरपूर आहे. ती चालेल का?

तारायंत्र

चालेल, आणि एका बाबतीत ती आरजी-५८ पेक्षा सरस आहे. दोन मीटर बँडवर आरजी-५८ शंभर मीटरला सुमारे १८ ते २० डेसिबल गिळते, आरजी-६ त्याच्या निम्म्याच्या आसपास. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक बिचकतात, पण ५० ओहमच्या सेटला ७५ ओहम दिसले तर एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचे माप, १ म्हणजे अचूक जुळणी) १.५ येतो, एवढ्याने कोणताही सेट रुसत नाही.

अडचण वेगळी आहे. आरजी-६ ची जाळी आणि पन्नी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला साधा डाख धरत नाही. त्यामुळे जोड एफ कनेक्टरने दाबूनच करावा लागतो. मधली तार पोलादी असून वर तांब्याचा मुलामा असतो. प्रवाह पृष्ठभागावरच वाहत असल्याने विजेच्या दृष्टीने बिघडत नाही, पण ती ताठ असते आणि बारीक वेढे देताना आतला फेसाळ थर चेपतो. शिवाय त्या फेसामुळे तिचा वेलॉसिटी फॅक्टर ०.८० च्या वर असतो, तेव्हा काकांचा बझूका आरजी-६ चा करायचा झाला तर आतली लांबी नव्याने काढावी लागेल. या धाग्यातल्या उभ्या डायपोलला मात्र तो आकडा लागणारच नाही, हे एव्हाना सर्वांच्या ध्यानात आले असेल.

न्यूजर्सी_मावळा

इकडे अमेरिकेत आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेला अंगणात दोरीही खपत नाही. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा टीव्हीच्या डिशला संरक्षण देणारा नियम हौशी रेडिओच्या अँटेनेला लागू होत नाही, आणि १९८५ सालचा हौशी रेडिओच्या बाजूने असलेला आदेश स्थानिक प्रशासनाला बांधतो, खासगी करारांना नव्हे. त्यामुळे माझा दहा मीटर बँडचा असाच केबलचा डायपोल रोज अंधार पडल्यावर मेपलच्या झाडावर चढतो आणि सकाळी उतरतो. प्रत्येक भुजा अडीच मीटरची, वर नायलॉनची दोरी, खाली केबलचे वेटोळे, संपले. काळी केबल झाडात दिसत नाही. गुंडाळली की पिशवीत मावते, हा या रचनेचा गुण कोणी सांगितला नाही म्हणून लिहिले.

सोलापूरकर_काका

झाडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शेवग्याच्या झाडाला काहीही बांधू नये. फांदी हिरवीगार दिसते आणि वाऱ्यात कडकन मोडते. चिंच किंवा कडुनिंब उत्तम.

गच्चीवरून_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी कामाला लागलो. वरची भुजा ४८ आणि खालची ४४.५ सेंटीमीटर ठेवून नऊ वेढे दिले. वेढ्यांना सुमारे ८५ सेंटीमीटर केबल लागते, हे आधी माहीत असते तर मापाचा गोंधळ टळला असता, म्हणून पुढच्यांसाठी नोंदवून ठेवतो. सगळे पाइपमध्ये घालून छोट्या नॅनो-व्हीएनएवर (अँटेना तपासण्याच्या यंत्रावर) पाहिले तेव्हा आलेखातली दरी, म्हणजे अँटेना सर्वांत नीट जुळते ती जागा, १४१.८ मेगाहर्ट्झवर दिसली. वरून थोडे थोडे छाटत गेल्यावर दर सेंटीमीटरमागे ती साधारण दीड मेगाहर्ट्झने वर सरकते असे आढळले. आता वरची भुजा ४५.९ सेंटीमीटर आहे, दरी १४५ वर आहे आणि एसडब्ल्यूआर १.२ दिसतो. म्हणजे दुसऱ्या आराखड्याचे माप जवळजवळ तंतोतंत निघाले.

एक शंका उरली आहे. हे मोजमाप गच्चीवर, अँटेनेपासून दोन मीटरवर केले. घरात सेटपाशी, पंधरा मीटर केबलनंतर, तोच एसडब्ल्यूआर १.१ दिसतो. खाली आल्यावर अँटेना सुधारली कशी?

दशमान

याचे उत्तर मी देतो, म्हणजे या धाग्यात माझ्या नावावर काहीतरी बरोबर जमा होईल. अँटेना सुधारलेली नाही, केबल खाते आहे. पंधरा मीटर आरजी-५८ मध्ये या वारंवारतेला जवळपास तीन डेसिबल जातात, म्हणजे तुमच्या पाच वॅटपैकी अडीचच्या आसपास वर पोहोचतात. अँटेनेकडून परत फिरलेली ऊर्जाही येताना तेवढीच खर्ची पडते, म्हणून खाली बसलेल्या मीटरला परतावा कमी दिसतो. अँटेना काढून वरचे टोक नुसते मोकळे सोडले तरी सेटपाशी एसडब्ल्यूआर अनंत न दिसता ३ च्या आसपास दिसेल. करून पाहायचे असेल तर नॅनो-व्हीएनएनेच पाहा, सेटचे बटण मात्र दाबू नका. तात्पर्य, केबलच्या खालच्या टोकाचा देखणा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

तारायंत्र

दशमान यांना पूर्ण गुण. शक्य असेल तर वेढ्यांच्या खाली लगेच कनेक्टर लावून तिथून घरापर्यंत कमी खाणारी जाड आरजी-२१३ किंवा किमान आरजी-६ आणावी. आरजी-५८ फक्त अँटेनेपुरती ठेवावी.

आणि आणखी एक चाचणी आजच करून घ्या. कोणाला तरी मीटरकडे पाहायला सांगून वेढ्यांच्या खालच्या केबलवरून मुठीने हात फिरवत जा. आकडा हलला तर जाळीच्या बाहेरच्या अंगावरचा प्रवाह वेढ्यांपाशी न थांबता पुढे घरापर्यंत येतो आहे असे समजावे. खालच्या भुजेचे टोक कुठे आहे हे केबल कापून ठरलेले नाही, ते केवळ या वेढ्यांनी ठरते. म्हणून वेढे एकमेकांना चिकटून, पाइपवर घट्ट बसलेले असले पाहिजेत. पाइप वेगळ्या व्यासाचा असेल तर नऊ हा आकडाही बदलतो.

गच्चीवरून_पुणे

हात फिरवून पाहिला. वेढ्यांच्या लगेच खाली आकडा किंचित हलतो, त्यापुढे स्थिर आहे. वेढे सैल होते, ते दोन ठिकाणी पाइपला भोके पाडून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळले आणि हलणे जवळपास थांबले.

रबरी अँटेनेवर ज्या रिपीटरची (ऐकलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राची) नुसती खरखर येत असे तो आता स्पष्ट ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे येतात असे वाचले आहे. त्यासाठी हीच चालेल का?

विद्युल्लता_सांगली

चालेल. स्थानक क्षितिजाकडून वर येत असताना आणि मावळताना चित्र चांगले येईल. ते अगदी डोक्यावर असताना मात्र चित्रात खरखर वाढेल, कारण उभ्या डायपोलचे प्रक्षेपण आडव्या दिशेला असते आणि तारेच्या टोकाच्या दिशेला जवळजवळ शून्य. सेट एफएमवर ठेवा. स्थानकाच्या वेगामुळे होणाऱ्या डॉप्लर परिणामाने वारंवारता दोन्हीकडे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, पण हँडसेटचा गाळणा रुंद असल्याने ती सहसा निभावून जाते. ही चित्रे रोज येत नाहीत, ठरावीक दिवशीच पाठवली जातात, तेव्हा आधी वेळापत्रक पाहावे.

कोकणकडा

चित्रे जरूर पाहा, पण त्याआधी वळवाच्या ढगांकडे लक्ष ठेवा. ढग जमू लागले की गडगडाट सुरू होण्याआधीच केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायचा नाही. आणि पाइप लावाल ती जागा विजेच्या तारांपासून इतकी दूर हवी की पाइप आडवा पडला तरी त्यांना शिवणार नाही.

बाल्कनी_डोंबिवली

सोसायटीची परवानगी कशी मिळवलीत, हे मात्र कोणीच विचारले नाही.

गच्चीवरून_पुणे

परवाना आणि पाइप दोन्ही घेऊन सभेत गेलो. सचिवांनी पाइप हातात घेऊन पाहिला, ही नळाची नळी दिसते म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बांधायला हरकत नाही असे लिहून दिले. टाकी लोखंडी नाही, सिमेंटची आहे. तरी अँटेना आणि कठडा यांत किती अंतर ठेवावे?

तारायंत्र

सिमेंटच्या आत सळया असतात, त्यामुळे फार जवळ नको. खालची भुजा आणि वेढे कठड्याच्या माथ्यापासून निदान एक मीटर वर राहतील इतका पाइप लांब घ्या, आणि तिथे बसवल्यावर पुन्हा एकदा मोजा. दरी थोडी खाली सरकलेली दिसली तर वरून चार-पाच मिलिमीटर छाटायला जागा आहेच. टोपण मात्र शेवटच्या मोजणीनंतरच चिकटवा.